नकलेवरची सही

मुंबईत जुनी व्हायोलिनं दुरुस्त करणारी जी मोजकी माणसं उरली आहेत, त्यांतल्या एका काकांकडे मागच्या पावसाळ्यात एका मित्राबरोबर गेलो होतो. मित्र मूळचा गोव्यातल्या बारदेशातला. त्याचे आजोबा आधी गावच्या चर्चमध्ये वाजवत, पुढे मुंबईत येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदात बसू लागले. ते गेल्यावर त्यांचं व्हायोलिन जे कपाटावर चढलं, ते घर रिकामं करायची वेळ आली तेव्हाच खाली उतरलं. पेटी उघडली तसा राळेचा आणि दमट मखमलीचा वास आला. एक तार तुटून तिची गुंडाळी झालेली, ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी घोडी, आडवा पडलेला, गजाचे केस अर्धेअधिक झडलेले. काकांनी एफच्या आकाराच्या भोकातून बारीक दिवा आत सोडला, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा सरकवला आणि आतलं पिवळं पडलेलं लेबल मित्राला दाखवलं. आन्तोनियुस स्त्रादिवारियुस, क्रेमोना, १७२१. म्हणजे इटलीतल्या क्रेमोनाचा स्त्रादिवारी, व्हायोलिन बनवणाऱ्यांतलं सगळ्यात मोठं नाव. मित्राच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते नेमकं सांगता येणार नाही. घराचं कर्ज, धाकटीचं शिक्षण, आजोबांबद्दल एकदम वाढलेला आदर, सगळंच त्यात असावं. काकांना अशा चेहऱ्यांची सवय असणार. "फ्रान्सचं आहे. मिरकूर. कारखान्याचा माल," ते म्हणाले. "हे लेबल गठ्ठ्यानं छापायचे." मग त्यांनी ब्रिज उभा केला, कुठलीशी जुनी तार चढवली, खुंट्या पिळल्या आणि आवाज बघायला म्हणून चार वेळा गज ओढला. वरच्या तारेवर आवाज जरा नाकातला होता, पण खालच्या तारेवर तो असा भरून आला की दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं मोबाइलमधून मान वर केली. मित्रानं मात्र ऐकलंच नाही. व्हायोलिन अजून काकांच्या हातात होतं आणि हा रिकाम्या पेटीच्या कड्या लावत होता.

ते कड्या लावणं मला खटकलं, आणि खटकतच राहिलं.

मघापर्यंत ती आजोबांची आठवण होती. मग एका कागदाच्या कपट्यानं ते लाकूड कोट्यवधींचं झालं आणि दुसऱ्या वाक्याला कवडीमोल. आवाज मधल्या काळात होता तिथेच होता. मित्राला दोष देण्यात अर्थ नाही. लेबल वाचून हुरळून जायचं आणि ते खोटं निघालं की कान मिटून घ्यायचे, ही रीत काही त्यानं पाडलेली नाही. ती पाडली कुणी, हे शोधत वाचत गेलो आणि पोचलो त्याच मिरकूर गावच्या एका माणसापाशी. जाँ-बाप्तीस्त वियोम. एकोणिसाव्या शतकातला फ्रान्सचा सगळ्यात नामांकित व्हायोलिन बनवणारा. जुन्या इटालियन व्हायोलिनांच्या त्यानं केलेल्या नकला इतक्या बेमालूम होत्या की मूळ वाद्यांचे मालकसुद्धा चकत. या माणसाबद्दल माझं मत अजूनही ठरत नाही. एक पान वाचलं की त्याच्यासमोर हात जोडावेसे वाटतात, पुढचं वाचलं की खिसापाकीट सांभाळावंसं वाटतं.

मिरकूर हे लोरेन प्रांतातलं, व्होज डोंगरांच्या बाजूचं लहानसं गाव. बायका लेस विणत आणि पुरुष व्हायोलिनं करत, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं. वियोमचा जन्म तिथला, ७ ऑक्टोबर १७९८चा. वडील व्हायोलिन बनवणारे, भाऊही पुढे त्याच धंद्यात. अशा घरात मुलगा काय होणार हा प्रश्न कुणाला पडत नसावा. पटाशी हातात धरायला शिकणं हे चालायला शिकण्याइतकंच गृहीत. १८१८ साली, वीस पूर्ण व्हायच्या आत, तो पॅरिसला आला आणि फ्रान्स्वा शानो नावाच्या गृहस्थाकडे कामाला लागला. हा शानो मोठा मजेदार माणूस. मिरकूरच्याच वाद्यकारांच्या घराण्यातला, पण शिकून नौदलाचा इंजिनिअर झालेला. व्हायोलिनच्या कमरेजवळचे ते टोकदार कोपरे कंपनांच्या आड येतात असं त्याच्या गणितानं ठरवलं, म्हणून त्यानं बिनकोपऱ्यांचं, गिटारसारखं गोलाईचं व्हायोलिन काढलं. विद्वानांनी माना डोलावल्या. वादकांनी ते घेतलं नाही. वियोमनं हे सगळं विशीच्या उंबरठ्यावर जवळून पाहिलं. नव्या आकाराचं काय होतं याचा धडा त्याला तिथेच मिळाला असावा असं मला वाटतं. त्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं तर तसं वाटल्यावाचून राहत नाही.

मग सिमाँ लेतेकडे नोकरी, १८२५ साली त्याच्याशीच भागीदारी, आणि १८२८ साली रू क्रोआ-दे-पती-शाँ या रस्त्यावर, ४६ नंबरला, स्वतःचं दुकान. मधल्या काळात म्हणजे १८२७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात रौप्यपदक मिळालं होतं आणि त्याच वर्षी त्यानं जुन्या वाद्यांच्या हुबेहूब नकला करायला सुरुवात केली. त्या काळच्या पॅरिसचा बाजार डोळ्यांसमोर आणायला हवा. पैसेवाले हौशी वादक वाढत होते, आणि त्यांना हवं होतं जुनं, इटालियन, क्रेमोनाचं. घरचे कारागीर चांगले नव्हते असं अजिबात नाही. निकोला लुपो तर 'फ्रान्सचा स्त्रादिवारी' म्हणून ओळखला गेला, तो १८२४ सालीच वारला. पण लुपोचं व्हायोलिन नवं दिसे. चकचकीत लालसर रोगण, कुठे ओरखडा नाही. गिऱ्हाइकाला डोळ्यांना जुनं दिसणारं वाद्य हवं होतं आणि खिशाला परवडणारं. वियोमनं ते दोन्ही दिलं. व्हायोलिन ३०० फ्रँक, चेलो ५००.

आता ही नकल म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून बघू. सुरुवात मापांपासून. फळ्यांची जाडी कुठे किती, कमान कुठून चढते आणि कुठे उतरते, भोकांचा कल, कडेची दुहेरी काळी रेघ कोपऱ्यात कशी मिळते. वरची फळी स्प्रूसची, मागची मेपलची, आणि मेपल असा निवडायचा की त्यावरच्या लाटा मूळ वाद्यावरच्या लाटांसारख्या दिसाव्यात. इथपर्यंत कुठलाही कसबी माणूस जाऊ शकतो. वियोमचं खरं काम रोगणाशी सुरू होई. शंभर वर्षं वाजलेलं व्हायोलिन सगळीकडे सारखं झिजत नाही. पाठीच्या मधोमध, जिथे ते वादकाच्या अंगाला आणि पेटीच्या तळाला घासतं, तिथलं रोगण जाऊन एक ओबडधोबड पट्टा उघडा पडतो. मानेच्या उजवीकडे, जिथे डावा तळवा टेकतो, तिथे तळहाताएवढा भाग फिकट होतो. हनुवटीखाली घामानं रंग खाल्लेला असतो. भोकांच्या कडांना धूळ आणि राळ साचून काळपट रेघ येते. डोक्यावरच्या गोगलगाईच्या वळणाच्या कडा बोथट होतात. हे सगळं वियोम नव्या लाकडावर हातानं आणी. कुणा अज्ञात वादकाच्या शंभर वर्षांच्या सवयी, त्याचा घाम, त्याचा निष्काळजीपणा, हे सारं त्यानं कल्पून, घासून, रंगवून उमटवलेलं. मला हे वाचताना शहारा आला होता. नंतर थोडी किळसही आली. न घडलेल्या आयुष्याच्या खुणा विकायच्या म्हणजे काय?

आणि तरी एक गोष्ट राहते. त्यातल्या कित्येक वाद्यांत त्यानं लेबल स्त्रादिवारीचं लावलं, पण आतल्या बाजूला, पाठीच्या फळीवर, स्वतःची सही केली आणि क्रमांक घातला. तीन हजारांवर वाद्यं त्याच्या नावावर आहेत. सहीच्या वळणात सालाचे शेवटचे दोन आकडे. बाहेरून बघणाऱ्याला दिसणार नाही, पण कधीतरी कुणीतरी वाद्य उघडेल तेव्हा कळेल, अशा बेतानं केलेली खूण. याला फसवणूक म्हणायचं की प्रामाणिकपणा, हे मला ठरवता आलेलं नाही. ठगानं सही केली नसती. साध्या माणसानं दुसऱ्याचं लेबल लावलं नसतं.

आपल्या गाण्यात नकलेचा प्रश्न फार जुना आहे. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसायचं, त्याचा श्वास, त्याची खरज, त्याचा समेवर येण्याचा ढब गळ्यात उतरवायचा, आणि याला आपण तालीम म्हणतो. तोच शिष्य चाळिशीतही गुरूसारखाच गायला की मैफलीतून बाहेर पडताना लोक हळूच म्हणतात, "छान आहे, पण कार्बन कॉपी." कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवत, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पुढे ते कुणासारखेच गायले नाहीत, हेही. वियोमचं काय म्हणावं? त्याची तालीम पूर्ण झाली होती. क्रेमोनाचे दोन्ही गुरू, स्त्रादिवारी आणि ग्वार्नेरी, त्याच्या बोटांत होते. पण मैफलीत फर्माईश त्यांच्याच चिजांची येत राहिली, आणि तो हसतमुखानं ती पुरी करत राहिला. नुसती मजबुरी म्हणावी तर धंदा जोरात होता. नुसता धंदा म्हणावा तर त्यातलं प्रेम लपत नाही.

पॅगानिनी या जगप्रसिद्ध इटालियन व्हायोलिनवादकाची गोष्ट इथलीच. त्याचं लाडकं व्हायोलिन म्हणजे ज्युझेप्पे ग्वार्नेरीनं १७४३ साली केलेलं, तोफेसारख्या आवाजामुळे 'कानोने' म्हणून प्रसिद्ध झालेलं. १८३०च्या दशकात ते दुरुस्तीसाठी वियोमच्या दुकानात आलं. डॉक्टरकडे मूल सोपवावं तशा काळजीनं पॅगानिनीनं ते सोपवलं असणार. वियोमनं दुरुस्ती तर केलीच, वर त्याची एक नकलही केली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पॅगानिनीला आपलं कुठलं ते पटकन ओळखता येईना, वाजवून बघितल्यावरच स्वरातल्या बारीक फरकावरून कळलं, असं सांगतात. ती नकल पॅगानिनीनं घेतली आणि पुढे आपल्या शिष्याला, कामिल्लो सिव्होरीला, दिली. 'कानोने' त्यानं आपल्या जेनोवा शहराच्या नावे केलं. सिव्होरीचं व्हायोलिनही शेवटी त्याच शहराकडे आलं. आज पलाझ्झो तूर्सी या जुन्या वाड्यात मूळ आणि नकल अशी दोन्ही आहेत. फोटोत मी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आहे. दोन्हींची नावं खाली लिहिलेली असतात म्हणून ठीक.

वियोमनं स्वतःचं म्हणून काहीच केलं नाही असं समजू नका. उलट शोधांची त्याला हौसच होती. फेलिक्स साव्हार या पदार्थवैज्ञानिकाबरोबर त्यानं बरेच प्रयोग केले. जुन्या वाद्यांच्या फळ्या सुट्या करून, त्यांवर टिचक्या मारून, गज ओढून कुठली फळी कुठल्या स्वरात बोलते ते मोजायचं. पोकळ पोलादी गज काढला. वादकाला स्वतःच घोड्याचे केस बदलता येतील असा गज काढला. रुंद छातीचा व्हिओला काढला. आणि १८५०च्या आगेमागे केला ऑक्टोबास. हे प्रकरण मला सगळ्यात आवडतं. साडेतीन मीटरच्या जवळपास उंचीचा, तीन तारांचा, डबलबासचाही आजोबा शोभावा असा राक्षस. वाजवणारा चौथऱ्यावर उभा राहतो. बोटं तारांपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, म्हणून तरफा आणि पायपट्ट्या. हातानं दांडी ओढायची, पायानं पट्टी दाबायची, की वर कुठेतरी लोखंडी बोट तारेवर टेकतं. स्वर इतका खाली की ऐकू येण्याआधी बरगड्यांत जाणवतो. बेर्लियोझ या फ्रेंच संगीतकारानं त्याची वाखाणणी केली. पण वाद्यवृंदांनी घेतलं नाही, जसं शानोचं बिनकोपऱ्यांचं व्हायोलिन घेतलं नव्हतं. एक पॅरिसच्या संगीत-संग्रहालयात उभा आहे. अलीकडे त्याच्या प्रतिकृती झाल्या. मॉन्ट्रियलच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात २०१६पासून एक वाजतो, तोही मिरकूरच्याच एका कारागिराच्या हातचा. म्हणजे नकला करणाऱ्याचीच नकल झाली. तिचा आवाज मी हेडफोन लावून ऐकला, आणि अर्ध्याहून जास्त स्वर हेडफोनला झेपलेच नाहीत.

दुकानातली दुसरी एक गोष्ट मात्र मला बोचते. वियोम एकटा तीन हजार वाद्यं करणं शक्य नव्हतं. मिरकूरहून पोरं यायची, त्याच्याकडे राबायची, शिकायची, मग बाहेर पडून नाव काढायची. दोमिनिक पेकात हा त्यातला एक. न्हाव्याचा मुलगा, स्वतःही न्हाव्याचं काम शिकलेला, १८२६ साली सोळाव्या वर्षी वियोमकडे आला. आज जगातल्या सर्वोत्तम गज करणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. पेकात, पिएर सिमाँ, पुढे व्होआराँ, अशा एकेका उस्तादानं तिथे गज तासले. त्या गजांवर शिक्का मात्र 'वियोम, पॅरिस' एवढाच. पुढेपुढे तर त्यानं आणखी एक गंमत केली. गजाच्या मुठीला, जिथे शिंपल्याचा गोल डोळा असतो, तिथे मोहरीएवढं भिंग बसवून आत सूक्ष्म छायाचित्र ठेवलं. उजेडाकडे धरून डोळा लावला की आत वियोमची छबी. गज कुणी केला ते त्या छबीवरून कळायचं नाही. आयुष्यभर स्त्रादिवारीच्या लेबलाआड बसलेला माणूस इथे दुसऱ्यांच्या कामावर आपला फोटो चिकटवतो. स्वस्तातल्या गिऱ्हाइकासाठी 'सेंट सेसिल' नावाची वेगळी व्हायोलिनं होती, ती मिरकूरला त्याचा भाऊ निकोला बनवून पाठवी. १८५८ साली लाकडावरची पॅरिसची जकात चुकवायला दुकान शहराच्या हद्दीबाहेर तेर्नला हलवलं. हिशेबाला माणूस पक्का.

पक्का नसता तर पुढची गोष्ट घडलीच नसती. लुईजी तारीझियो नावाचा एक इटालियन, मूळचा सुतार, उत्तर इटलीतली खेडीपाडी, मठ, जुने वाडे पालथे घालून अडगळीतली व्हायोलिनं गोळा करी. मोडक्याच्या बदल्यात नवं धड वाजणारं द्यायचं आणि मोडकं झोळीत टाकायचं. भटजीबुवांना दुरुस्त व्हायोलिन मिळाल्याचा आनंद, तारीझियोला स्त्रादिवारी मिळाल्याचा. १८२७ साली तो पहिल्यांदा पॅरिसला आला आणि त्यानंतर येतच राहिला. प्रत्येक वेळी गप्पांत एका व्हायोलिनचा विषय काढायचा. १७१६ सालचं स्त्रादिवारी, जवळजवळ न वाजलेलं, कारागिराच्या हातून कालच सुटल्यासारखं. पुढच्या खेपेला आणतो म्हणायचा आणि आणायचा नाही. एकदा देल्फाँ आलार, नावाजलेला वादक आणि वियोमचा जावई, वैतागून म्हणाला की तुमचं व्हायोलिन म्हणजे अगदी मसीहा आहे, सगळे वाट बघतात आणि तो काही येत नाही. नाव तिथेच पडलं. १८५४ साली तारीझियो मिलानच्या एका गरीब खोलीत वारला, भोवती व्हायोलिनांचा ढीग. बातमी कळताच वियोम भर थंडीत, जानेवारी १८५५मध्ये, इटलीला निघाला. नोव्हाराजवळच्या शेतघरात तारीझियोचे नातेवाईक होते. त्यांना व्हायोलिनातलं काही कळत नव्हतं, पैशांतलं कळत होतं. दीडशेच्या आसपास वाद्यं, त्यांत दोन डझन स्त्रादिवारी, आणि खणात 'मसीहा'. सगळ्याचे मिळून सुमारे ८०,००० फ्रँक. त्या शेतघरात, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी, त्यानं तो खण उघडला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची कल्पना करायला मी पुष्कळदा बसलो. प्रत्येक वेळी आधी भक्त दिसतो आणि मग त्याच्या खांद्यावरून डोकावणारा व्यापारी.

बाकीची वाद्यं त्यानं विकली. 'मसीहा' विकलं नाही, वाजवूही फारसं दिलं नाही. मात्र त्याला हात लावल्याशिवाय राहवलं नाही. त्याच्या शेपटावर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या तुकड्यावर, त्यानं ख्रिस्तजन्माचा देखावा कोरून घेतला आणि नव्या नक्षीच्या खुंट्या बसवल्या. ज्या वाद्याची कुमारीसारखी अस्पर्श म्हणून कीर्ती, त्याला यानं दागिने घातले. आणि अर्थात त्याच्याही नकला केल्या. १८५६ साली फेतीस या संगीतपंडिताचं स्त्रादिवारीवरचं पुस्तक आलं. त्यातली माहिती वियोमनं पुरवलेली, आणि प्रकाशकही वियोमच. स्त्रादिवारी हे नाव कारागिराचं राहिलं नाही, देवाचं झालं, त्यात या पुस्तकाचा, 'मसीहा'च्या दंतकथेचा आणि वियोमच्या दुकानाचा वाटा मोठा आहे. देवळाबाहेर बसून मूर्ती विकणाऱ्यानंच आधी देऊळ बांधलं, असा हा प्रकार. पण त्यात त्यानं स्वतःचंही नुकसान करून घेतलं. क्रेमोना हाच शेवटचा शब्द असं एकदा लोकांच्या मनावर ठसवल्यावर वियोमचं स्वतःचं व्हायोलिन कितीही उत्तम असलं तरी दुसऱ्या रांगेतच बसणार. आणि त्याच्याही मागे, दहाव्या, शंभराव्या रांगेत मिरकूरचे कारखाने. झेरोम तिबूविल-लामीसारख्या कंपन्यांनी पुढे तिथून जगभर हजारोंनी व्हायोलिनं पाठवली आणि त्यांच्या पोटात देवाच्या नावाचे छापील कपटे चिकटवले. बोटीतून मुंबई-गोव्यापर्यंत पोचलेला तो कपटाच मित्रानं त्या दिवशी वाचला. आजोबांनी तो कधी वाचला होता की नाही कोण जाणे. चाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला आत डोकावायला वेळ झाला असेल असं वाटत नाही.

२०१२ साली पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनमध्ये एक प्रयोग झाला. दहा एकलवादक, सहा जुनी इटालियन व्हायोलिनं, सहा नवी. वादकांना काळे चष्मे लावले, कुठलं जुनं कुठलं नवं सांगितलं नाही. हॉलमध्ये वाजवून आपल्याला दौऱ्यावर कुठलं न्यावंसं वाटतं ते निवडा, एवढंच. सगळ्यात जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, आणि जुनं-नवं ओळखण्यात या मुरलेल्या मंडळींचा अंदाज नाणं उडवल्याहून सरस निघाला नाही. या प्रयोगावर वाद पुष्कळ झाले. मला त्यातून जुनी व्हायोलिनं वाईट ठरतात असं अजिबात वाटत नाही. पण पॅगानिनीच्या दोन व्हायोलिनांची गोष्ट मी त्यानंतर पुन्हा वाचली तेव्हा ती दंतकथा वाटली नाही.

'मसीहा'वर मात्र नियतीनं सूड घेतल्यासारखी गंमत झाली. वियोम १९ मार्च १८७५ रोजी पॅरिसला वारला. व्हायोलिन जावयाकडे, आलारकडे, गेलं. १८९० साली ते आलारच्या वारसांकडून २००० पौंडांना विकलं गेलं आणि हातोहात फिरत लंडनच्या हिल या वाद्यव्यापाऱ्यांमार्फत ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात काचेआड जाऊन बसलं. ते वाजवत नाहीत. पण विसाव्या शतकाच्या अखेरीला काही जाणकारांनी शंका काढली. हे इतकं नवंकोरं कसं? आणि ते ज्याच्याकडून आलं तो तर नकलांचा बादशहा. मग हेसुद्धा वियोमनंच केलेलं नसेल कशावरून? अख्खं आयुष्य खोट्याला खऱ्यासारखं दिसायला लावलं, त्याचा परिणाम असा की खऱ्यावरच संशय आला. शेवटी झाडालाच विचारावं लागलं. वरच्या फळीच्या स्प्रूसमधली वार्षिक वलयं मोजली. शेवटचं वलय १६८०च्या दशकातलं निघालं, आणि ती वलयं स्त्रादिवारीच्या इतर वाद्यांतल्या लाकडाशी जुळली. बहुतेकांचं समाधान झालं. मला त्या संशयाचाच जास्त आनंद झाला, हे सांगायला हरकत नाही. वियोमला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद आहे. स्त्रादिवारीच्या सर्वोत्तम वाद्याबद्दल लोकांना वाटावं की हे कदाचित याचं असेल!

हिलरी हान ही आजची मोठी वादक कित्येक वर्षं १८६४ सालचं एक व्हायोलिन वाजवत आली आहे. ते वियोमचं आहे आणि पॅगानिनीच्या 'कानोने'ची नकल आहे. तिचं बाख, म्हणजे त्या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना, ऐकताना पहिले काही दिवस मी मुद्दाम नकल ऐकायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ते फक्त तिचं बाख होतं.

आता वियोमच्या व्हायोलिनांनाही लिलावात लाखो डॉलर येतात. साहजिकच जे व्हायचं तेच झालं. त्याच्या नावाची खोटी लेबलं छापून साध्या व्हायोलिनांत चिकटवायचा धंदाही निघाला, आणि त्यातली काही व्हायोलिनं मिरकूरचीच. त्यामुळे जाणकार लेबल बघत नाहीत, आतली सही आणि क्रमांक शोधतात, आणि सही नि क्रमांक खोटे लिहिणारेही निघाले म्हणून मग रोगण, कडेची रेघ, भोकांचा कल असं सगळं तासन् तास बघत बसतात. वियोमही क्रेमोनाची व्हायोलिनं असाच बघत बसला असणार, फक्त त्याच्या हाताशी फुटपट्टी होती आणि शेजारी नवं लाकूड.